घाट घालणे

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला एक खोड जडलेली असते. रस्त्याने जाताना इतर मंडळी खड्डे पाहतात, हा पाट्या वाचतो. 'घाट सुरू' अशी पाटी आली की ड्रायव्हर गिअर बदलतो, मुले खिडकीशी सरकतात, पोटात ढवळणारी माणसे आल्याच्या वड्या शोधू लागतात. आणि आमच्यासारखा एखादा मनाशी म्हणतो, काय पण शब्द आहे हा! नदीत उतरायच्या पायऱ्या म्हणजे घाट, आणि डोंगरावर चढायची वाट म्हणजेही घाट. पितळी तांब्याचा आकार मनात भरला की आमची आजी 'घाट छान आहे हो' म्हणायची. कवितेच्या आकारालाही आम्ही वर्गात घाटच म्हणतो, आणि मुले ते निमूटपणे वहीत उतरवून घेतात. मुंबईत एखाद्याला 'घाटी' म्हणून पाहा, प्रकरण हातघाईवर येईल. शिवाय लग्नाचा, मुंजीचा, घर बांधण्याचा जो घालतात तोही घाटच.

या शेवटच्या जातीचा घाट आमच्या घरात यंदा पितृपंधरवड्यात घातला गेला, आणि त्याने आम्हांला डोंगरातल्या दोन घाटांतून फिरवून आणले. त्याची ही हकीकत. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आधीच सांगून ठेवतो, की यात पराक्रम कुठेही नाही. हिमालय नाही, कडा नाही, दोर नाही. पुण्याच्या दक्षिणेला सिंहगडापासून पूर्वेकडे भुलेश्वरापर्यंत डोंगराची एक रांग गेली आहे. ती बोपदेव घाटाने ओलांडून सासवडला जायचे आणि दिवे घाटाने परत यायचे, एवढाच बेत. मोटारीने गेलात तर दुपारच्या जेवणापूर्वी घरी याल. आम्ही सायकलने गेलो, म्हणून ही हकीकत झाली.

घाट घातला तो आमच्या डॉक्टरांनी. रक्ताचा कागद हातात धरून ते म्हणाले, "मास्तर, साखर काठावर आहे." शाळेत असताना गणितात मी कायम काठावर पास होत असे, त्यामुळे मला काही विशेष वाटले नाही. पण सौभाग्यवतींना वाटले. त्या दिवसापासून चहातली साखर गेली, घरातली जिलबी गेली, आणि माझ्यामागे 'जरा हाला' हे पालुपद लागले. ही गोष्ट कॉलेजात स्टाफरूममध्ये निघाली तेव्हा आमचे भूगोलाचे प्राध्यापक मित्र पुढे सरसावले. हे गृहस्थ रविवारी सायकल घेऊन डोंगरात हिंडतात आणि सोमवारी वर्गात दगड घेऊन येतात. त्यांनी आपली दुसरी सायकल मला उसनी देऊ केली, आणि तिच्याबरोबर फुकटचे एक व्याख्यानही दिले.

ते व्याख्यान येथे सांगण्याजोगे आहे. माझ्या वडिलांची काळी सायकल मला आठवते. तिला एकच गिअर. म्हणजे गिअर नव्हताच. पायडल एकदा पुरते फिरले की ती साधारण साडेपाच मीटर पुढे जायची, मग रस्ता सपाट असो की उभा असो. आताच्या सायकलीला दात्यांच्या लहानमोठ्या चकत्या असतात. साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवली की तेच पायडल एका फेऱ्यात जेमतेम दोन मीटर जाते. पाय जास्त वेळा फिरवावे लागतात, पण दर वेळी जोर थोडा लागतो. डोंगराची उंची काही कमी होत नाही. "अहो, साधे आहे," मित्र म्हणाले, "फ्रीज रोख घेणे आणि हप्त्यांनी घेणे, एवढाच फरक!" घाटातल्या रस्त्याची नागमोडी वळणेही त्याच हिशेबाने काढलेली असतात, हे मला तेव्हा प्रथम कळले. सरळ उभी वाट काढली तर अंतर थोडे, पण बैलाला ती ओढवायची नाही. म्हणून रस्ता वळणे घेत घेत तीच उंची लांबवर पसरून देतो.

शेवटी त्यांनी मला एका फ्रेंच गृहस्थाची ओळख करून दिली. पॉल द व्हिव्ही त्यांचे नाव; १८५३ साली जन्मले, १९३० साली वारले. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ते सायकलीविषयी एक नियतकालिक चालवीत, आणि सायकलीला बदलते गिअर हवेत असा आग्रह धरून बसले होते. शर्यतवाल्यांना ही बायकी आणि म्हाताऱ्यांची सोय वाटे. फ्रान्सच्या त्या प्रसिद्ध सायकलशर्यतीत साखळी सरकविणाऱ्या गिअरला १९३७ साली, म्हणजे व्हेलोसिओ गेल्यानंतर सात वर्षांनी, परवानगी मिळाली. या गृहस्थांनी सायकलस्वारांसाठी काही नियम घालून दिले आहेत. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, अगदी गळून जाईपर्यंत ताणू नये, असे ते नियम आहेत. शेवटचा नियम मला फार आवडला: केवळ ऐट दाखविण्यासाठी पायडल मारू नये.

एवढी तयारी झाल्यावर सोबतीचा प्रश्न आला. सौभाग्यवती म्हणाल्या, "एकट्याने मुळीच जायचे नाही. थोरलीला घेऊन जा."

आमची थोरली तुम्हांला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी याच दिवाळी अंकात, याच सदरात, मी तिच्या बारावीच्या निकालावर लिहिले होते. तिला किती गुण पडले, इंजिनिअरिंगला कुठल्या फेरीत प्रवेश मिळाला, आणि मराठीच्या प्राध्यापकाच्या पोटी हे गणित कुठून आले याचे मला पडलेले कोडे, असा सगळा मजकूर त्यात होता. पुष्कळ वाचकांनी कौतुकाची पत्रे पाठविली. एका भगिनींनी पेढ्यांची कृतीही लिहून पाठविली. त्या गुणांचे बक्षीस म्हणून थोरलीला गिअरची सायकल मिळाली होती. ती घेऊन ती रोज सकाळी कॉलेजला जाते, हे मी मोठ्या अभिमानाने लोकांना सांगत असे.

तिला विचारले तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "बोपदेवनेच जायचंय का?" मी म्हटले, हो. ती म्हणाली, "बरं."

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. पितृपंधरवड्यात नवे काही सुरू करू नये असे शेजारच्या काकूंनी गॅलरीतून बजावले; परंतु सायकल जुनी होती, घाट त्याहून जुना होता, आणि मी तर होतोच, त्यामुळे हरकत नव्हती. कोंढवा मागे पडले, येवलेवाडी आली, इमारतींची रांग एकदाची संपली, आणि समोर घाट उभा राहिला. पाऊस नुकता सरला होता. उतारावर सोनकीची पिवळी फुले होती, बांधाला कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे होते, आणि गवत अजून हिरवे असले तरी शेंड्याला पिकू लागले होते.

बोपदेव घाट लांबीला मोठा नाही, पण खडा आहे. पहिल्या चढावर मी सर्वांत मोठ्या चकतीवर साखळी आणली आणि हप्ते भरू लागलो. दुसऱ्या वळणाला माझा श्वास दोन चाकांच्या पुढे धावत होता. या अवस्थेत माणसाच्या ध्यानात एक गोष्ट येते. बोलणे बंद होते. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? पण माझा धंदाच बोलण्याचा आहे. गेली वीस वर्षे मी पंचेचाळीस मिनिटे न थांबता बोलून पगार घेतो, आणि घरी आल्यावर तेच विनामूल्य करतो. मुलीला घेऊन सहलीला निघालो, तेव्हा करिअर, वाचन, वेळेचे नियोजन वगैरे पाच-सहा विषय मी मनात काढून ठेवले होते. ते सगळे येवलेवाडीच्या वरच्या अंगाला घशात अडकून राहिले.

थोरली पुढे होती. तिचे पाय संथ आणि एका लयीत फिरत होते. मागे न पाहता ती म्हणाली, "बाबा, जोर लावू नका. त्या वळणानंतर शंभरेक पावलं सोपं आहे. तिथे दम घ्या."

वळण घेतले, आणि खरोखरच चढ सैल झाला.

"आता डावीकडून राहा. पुढे मुरूम येतो रस्त्यावर."

मुरूम आला.

"आणि तिथून पुढे मात्र खडं आहे. उतरलात तरी चालेल."

मी उतरलो. व्हेलोसिओचा शेवटचा नियम मनात होताच. शिवाय वडील आठवले. लहानपणी मी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसलेला असायचो. चढ आला की ते उतरून चालू लागत, आणि बाकीचे सायकलवाले उभ्याने पायडल मारीत पुढे गेले की मला लाज वाटायची. एकदा मी तसे बोलून दाखविले, तेव्हा ते हसून म्हणाले होते, "चढाला मान द्यावा रे. तो आपल्याआधीपासून इथे आहे."

थोरलीही उतरली. आम्ही सायकली हाताशी धरून शेजारी शेजारी चालू लागलो. श्वास जागेवर आल्यावर माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न उगवला. खरे म्हणजे तो दोन वळणे आधीच उगवायला हवा होता.

"तुला ही वळणं इतकी पाठ कशी गं?"

ती काही बोलली नाही. दहा-पंधरा पावले आम्ही चाललो. सायकलींच्या चाकांचा टिक टिक आवाज तेवढा येत होता.

"रोज येते मी इथे," ती म्हणाली. "दीड महिना झाला."

"रोज? आणि कॉलेज?"

"कॉलेजला जात नाही."

मग तिने सांगितले. जुलैमध्ये दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला. चार विषय राहिले. तिसऱ्या वर्षात बसता येणार नाही, वर्ष गेले. बरोबरच्या मुली पुढच्या वर्गात गेल्या. पहिले काही दिवस ती कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरली. मग एके दिवशी फाटकाकडे न वळता सरळ पुढे आली, आणि पुढे येता येता घाटात पोचली. दुसऱ्या दिवशीही आली. सकाळी डबा घेऊन निघायचे, घाट चढायचा, माथ्यावर बसून डबा खायचा, दुपारी घरी यायचे. आणि जेवताना मी विचारले, की 'काय म्हणतं कॉलेज?', तर 'बरं आहे' म्हणायचे.

वाचकहो, या वेळी माझ्या मनात काय काय आले ते सगळे लिहिण्याजोगे नाही. एकटी मुलगी रोज या रस्त्यावर येत होती, या विचाराने पहिल्यांदा पोटात खड्डा पडला. मग राग आला. दर वर्षी पालकसभेत मी उभा राहतो आणि 'मुलांशी बोला, त्यांना विश्वासात घ्या' असे कळकळीने सांगतो, टाळ्याही पडतात. त्या टाळ्या मला घाटात ऐकू आल्या. मी तोंड उघडले. एक उत्तम व्याख्यान जिभेवर तयार होते. पण चढ खडा होता, सायकल जड होती, आणि पहिल्या वाक्यालाच दम लागला. मी म्हणालो, "तू—" आणि थांबलो. पुढच्या श्वासाला जे निघाले ते त्या व्याख्यानात नव्हते.

"सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांना सांगून बसला होता ना! पेपरात छापलंत. त्या काकूंनी पेढे कसे करायचे ते लिहून पाठवलं. आता ते पेढे परत कसे मागणार?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आणि चढ होता म्हणून ते नसणे झाकण्याची सोयही नव्हती. वर्गात उत्तर सुचले नाही तर मी फळ्याकडे वळतो. इथे वळायला दरी होती. मी एवढेच म्हणालो, "चुकलं माझं." ती थोडी रडली, थोडी हसली, आणि म्हणाली, "बाबा, मुरमावरून चाललाय. रस्त्यावर या."

तशाच सायकली ढकलत आम्ही माथ्यावर पोचलो. तिने मला तिची जागा दाखविली. एका सपाट खडकावर आम्ही बसलो आणि भूक लागण्यापूर्वी दशमी खाल्ली. ज्या खडकावर बसलो होतो त्याविषयी भूगोलाच्या मित्रांनी मला पूर्वी सांगितले होते, ते मी तिला सांगितले. हा सगळा डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेले लाव्हाचे थर आहेत. थर झिजत गेले तशा डोंगराला दुरून पायऱ्या दिसू लागल्या. म्हणून भूशास्त्रज्ञांनी या दगडाला 'ट्रॅप' म्हटले. स्वीडनकडच्या भाषेत त्याचा अर्थ जिना. म्हणजे आपण ज्याला घाट म्हणतो त्याला त्यांनीही पायऱ्याच म्हटले. माझे बोलणे तिने शांतपणे ऐकून घेतले, आणि म्हणाली, "हे तुम्ही छान सांगता. हे सांगत जा." त्यातला 'हे' मला समजला.

माथ्यापलीकडचा मुलूख फार गोड आहे. पुण्याच्या बाजूने जो डोंगर उभा वाटतो, तो सासवडच्या बाजूला पसरून बसल्यासारखा आहे. दुसरीकडे फारसे उतरावे लागतच नाही. भिवरी, बोपगाव, हिवरे अशी गावे येतात. कुठे बाजरीची कणसे उभी, कुठे वाटाण्याचे वाफे, कुठे अंजिराच्या आणि सीताफळांच्या बागा. बोपगावच्या वर टेकडीवर कानिफनाथांचे देऊळ दिसते. रस्त्याने हळूहळू उतार असतो, आणि सायकल पायडल न मारता चालते. समोर पुरंदरचा डोंगर उभा असतो. १६५७ साली संभाजीराजे त्या किल्ल्यावर जन्मले, आणि १६६५ साली त्याच्याच नावाने तह झाला. शिवाजीमहाराजांना तेवीस किल्ले सोडावे लागले तो तह. इतिहासाच्या पुस्तकात तो नेहमी मधल्या पानावर असतो, शेवटच्या नाही, ही गोष्ट त्या दिवशी प्रथमच माझ्या लक्षात आली. पण मी ती बोलून दाखविली नाही. माणूस शिकतो.

सासवडात आम्ही मिसळ खाल्ली. कऱ्हेच्या काठी संगमेश्वराच्या पायऱ्यांवर थोडे बसलो. हा नदीकाठचा घाट. ही तीच कऱ्हा, जिचे नाव आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला दिले. सोपानदेवांच्या समाधीचे दर्शन घेतले. बाजारात सीताफळांचे ढीग लागले होते. मी एका ढिगासमोर उभा राहिलो, तेव्हा थोरली म्हणाली, "काठावर आहात ना?" मी म्हटले, "तूही काठाखाली आहेस. दोघांत मिळून एक घेऊ." दोन वर्षांत आमच्या घरी कुणी निकालावर केलेला तो पहिला विनोद असावा. ती इतकी हसली, की सीताफळवाल्या मावशींनी एक फळ वर घातले.

परतीच्या वाटेवर मुख्य रस्ता सोडून आम्ही झेंडेवाडीकडून आत वळलो, आणि सायकली ठेवून मल्हारगड पायी चढलो. हा गड चढायला अवघड नाही. माझ्यासारख्यालाही तासाच्या आत जमले. तीन कोनांचा आटोपशीर किल्ला, आत बालेकिल्ला, त्यात खंडोबाचे आणि महादेवाचे देऊळ. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी तो १७५७ ते १७६० या काळात बांधविला. महाराष्ट्रात बांधला गेलेला हा शेवटचा किल्ला, असे म्हणतात. खाली सोनोरी गावात पानशांची गढी आहे.

तटावर बसून थोरलीने विचारले, "म्हणजे बाकीचे सगळे किल्ले बांधून झाल्यावर हा आला?"

"हो. आणि हा पुरा झाला, त्यानंतर वर्षभरात पानिपत झाले."

ती तटावरून हात फिरवीत म्हणाली, "उशिरा आला, वेळही वाईट, तरी किल्ला आहेच ना."

मी 'आहे' म्हणालो. एवढेच.

उन्हे उतरताना आम्ही दिवे घाटाच्या माथ्यावर आलो. तिथे विठ्ठलाची मोठी मूर्ती उभी आहे. आषाढात ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पुण्याहून सासवडला येते ती याच घाटाने. रथाला जादा बैलजोड्या जुंपून तो वर घेतात, आणि त्या दिवशी सारा घाट पताकांनी भरून जातो. दोन्ही बाजूंना पाहिले की ही रांग म्हणजे काय ते कळते. उत्तरेला खाली वडकी, मस्तानी तलाव, आणि त्यापलीकडे पुणे. दक्षिणेला कऱ्हेचे पठार. या माथ्यावर पावसाचा एक थेंब उत्तरेकडे पडला तर तो मुळा-मुठेला मिळतो. त्याच्या शेजारचा, हातभर अंतरावरचा थेंब दक्षिणेकडे पडला तर तो कऱ्हेला जातो. पहिला थेंब पुढे भीमेत जातो. दुसरा कऱ्हेतून नीरेत जातो. दोघांच्या वाटा पार वेगळ्या. मधे तालुकेच्या तालुके. आणि मग नीरा-नरसिंगपूरला नीरा आणि भीमा एकमेकींना भेटतात, आणि तिथून दोघांचे पाणी मिळून पंढरपूरला जाते.

मी हे तिला सांगितले. सांगताना मला कळत होते, की यातून तात्पर्य काढण्याचा मोह फार आहे. गेली वीस वर्षे मी दर तासाच्या शेवटी तात्पर्य काढीत आलो आहे. पण ती खाली तलावाकडे पाहत होती, आणि मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तिनेच विचारले, "बाबा, कोणता थेंब आधी पोचतो?"

"ते मला ठाऊक नाही. भूगोलाच्या सरांना विचारावे लागेल."

"नका विचारू," ती म्हणाली.

दिवे घाट आम्ही ब्रेक दाबीत, हळूहळू उतरलो. पालखीमार्ग रुंद करण्याच्या कामाची कोनशिला २०२१ साली बसली, आणि या रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ तर नेहमीचीच. सायकलवाल्याने उतारावर ऐट करू नये. चढताना माणूस फार तर थकतो; पडतो तो उतरताना, असे मित्रांनी बजावले होते. आता थोरली माझ्या मागे होती. "मी मागे राहते, तुम्ही पुढे व्हा," असे तिनेच सुचविले. दर वळणावर तिच्या सायकलच्या ब्रेकचा बारीक आवाज ऐकू आला, की मी निश्चिंत होत असे.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. रात्री थोरली झोपल्यावर मी सौभाग्यवतींना सगळे सांगितले. मोठे रहस्य फोडीत आहे अशा थाटात मी सुरुवात केली. त्या धुतलेले डबे पुसत होत्या. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मला ऑगस्टपासून ठाऊक आहे. डब्याला गवताच्या काड्या लागलेल्या असायच्या. कॉलेजात कुठून येणार गवत?"

"मग बोलली का नाहीस?"

"ती आपणहून सांगेल म्हणून थांबले होते. आणि आठ दिवसांत सांगितले नसते तर मीच विचारणार होते. म्हणून तर तुमच्याबरोबर तिलाच घेऊन जा म्हटले."

तेव्हा घाट डॉक्टरांनी घातला, असे मी वर लिहिले आहे ते चुकीचे आहे. वाचकांनी दुरुस्त करून वाचावे.

पुढचे थोडक्यात सांगतो. थोरली दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेली. मीही गेलो, पण तिने सांगितले तेवढ्या अंतरावर, फाटकाबाहेर, चहाच्या टपरीपाशी उभा राहिलो. राहिलेल्या चार विषयांना ती हिवाळ्यात बसणार आहे. सुटतील की नाही, ते आज ठाऊक नाही. चारही सुटले तरी तिसरे वर्ष एक वर्ष उशिरानेच सुरू होणार. रविवारी सकाळी आम्ही दोघे बोपदेव चढतो. शेवटच्या खड्या चढावर मी अजूनही उतरतो. माझी साखर काठाच्या किंचित आत आली आहे.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो प्रथम तिच्या हाती दिला. दोन वर्षांपूर्वी दिला नव्हता. तिने तो सावकाश वाचला, एके ठिकाणी पेन्सिलीने खूण केली, एक वाक्य काढून टाकायला लावले. ते काढले आहे. मी विचारले, "छापू का?"

"छापा," ती म्हणाली. "पण एक अट आहे. माझे चार विषय सुटले तर त्यावर लिहायचं नाही."

"आणि नाही सुटले तर?"

"तर आधी मला विचारायचं."

वाचकहो, अट मी मान्य केली आहे. तेव्हा पुढच्या दिवाळीत या सदरात तिच्या निकालाचा उल्लेख दिसला नाही, तर काही अर्थ काढू नका. आणि ज्या भगिनींनी पेढ्यांची कृती पाठविली होती, त्यांना कळवितो, की ती वही जपून ठेवली आहे. पेढे अजून केले नव्हते. आता एखाद्या रविवारी घाटाच्या माथ्यावर, कसलेही निमित्त नसताना, करून नेणार आहोत. साखर बेताची घालून.